कॅम्पातले चर्चही दाखवा

महोदय,

पाहुणे आले की आम्ही बेळगावकर त्यांना किल्ला, त्यातले कमल बस्ती हे जैन मंदिर दाखवतो, कुंदा बांधून देतो आणि आंबोलीच्या वाटेला लावतो. कॅम्पातले सेंट मेरी चर्च राहूनच जाते. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांनी घेतला, छावणी वसली आणि १८६९ मध्ये हे दगडी, गॉथिक म्हणजे टोकदार कमानींच्या युरोपीय शैलीतले चर्च उभे राहिले. परवा भाच्याने विचारले, "मामा, या कमानी वर टोकदार का?" टोकदार कमान भार जास्त खाली नेते, भिंतीवरचा रेटा कमी होतो, म्हणून उंच खिडक्या काढता येतात, हे मलाही घरी येऊन वाचावे लागले!

प्रार्थनेच्या वेळा सांभाळून, चर्चच्या संमतीने, रविवारी कॅम्पात माहितीफेरी काढता येईल. माहितीपत्रक मराठी-कन्नड दोन्हींत असावे. निदान त्यावरून तरी वाद नको.

एक वाचक, शहापूर, बेळगाव