यानातलं भांडण पटलं, कंट्रोल कुठे दिसला नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात झालेल्या महाविद्यालयीन एकांकिकांवर आपल्या समीक्षकांनी लिहिलेलं वाचलं. अवकाशयानाच्या एकांकिकेला त्यांनी चार ओळींत निकालात काढलंय. परग्रहावरच्या अदृश्य शक्तीनं माणसांची डोकी फिरवली हे एक वेळ चालवून घेऊ, पण निवडून, शिकवून पाठवलेली माणसं चमच्यावरून आणि पंख्याच्या आवाजावरून एकमेकांच्या नरड्याला हात घालतील हे पटत नाही, असं ते म्हणतात.

मी तिसऱ्या रांगेत बसून ती एकांकिका पाहिली. मला चमचा पटला. पंखा तर फारच पटला. खटकलं ते वेगळंच. यानात सहा माणसं, सहाही एकमेकांवर तुटून पडतात, आणि अख्ख्या एकांकिकेत खालच्या कंट्रोलला, म्हणजे जमिनीवर बसून यानाला सूचना देणाऱ्यांना, एकही जण शिवी घालत नाही! हे कसं होईल बाप्पा?

मी रेल्वेचा निवृत्त सेक्शन कंट्रोलर. नागपूर-आमला सेक्शन बरीच वर्षं माझ्याकडे होता. प्रवाशाला ड्रायव्हर दिसतो, स्टेशन मास्तर दिसतो, टीसी तर नको तेव्हा दिसतो. कंट्रोलर कोणाला दिसत नाही. कानाला हेडफोन, समोर चार्ट, हातात पेन्सिल. काटोलहून कोण सुटलं, पांढुर्ण्याला कोण पोचलं, कोणती मालगाडी लूपला (बाजूच्या रुळावर) घेऊन कोणती मेल पुढे काढायची, हे तो ठरवतो. पुढे कॉम्प्युटर आले आणि पेन्सिल गेली. शिव्या तेवढ्या राहिल्या.

इंजिनात ड्रायव्हर आणि असिस्टंट, आणि ५८ वाघिणींच्या मागे ब्रेकव्हॅनमध्ये एकटा गार्ड. (आता लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर म्हणायचं असतं, माझ्या तोंडी बसत नाही.) या तिघांचं आपसात पटतंच असं नाही. डबा खाण्यावरून, खिडकी उघडी ठेवण्यावरून, रनिंग रूममध्ये घोरण्यावरून अबोला धरलेल्या जोड्या मला माहीत आहेत. पण गाडी नरखेडला लूपमध्ये तासभर उभी राहिली, की तिघं एक होतात आणि स्टेशन मास्तरच्या फोनवरून आवाज येतो, "कंट्रोल सो रहा है क्या?"

नागपूरकराला यात नवल वाटू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीनं काढतो. वर्षभराचा खोकला, रोगराई, महागाई सगळं तिच्या डोक्यावर लादून 'घेऊन जा गे मारबत' म्हणत तिला गावाबाहेर नेऊन जाळतो. एकोणिसाव्या शतकापासून हे चालू आहे. मी नोकरीभर त्या तिघांची मारबत होतो. त्याचं मला वाईट वाटत नाही. कंट्रोलवर मनसोक्त चिडलेला ड्रायव्हर असिस्टंटवर चिडत नाही, आणि दोघं मिळून पुढचा सिग्नल बघतात.

अवकाशातही हेच होतं, आणि त्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेच्या स्कायलॅब स्थानकावरची शेवटची तुकडी नोव्हेंबर १९७३ मध्ये वर गेली. कार, गिब्सन आणि पोग. मुक्काम ८४ दिवसांचा, आणि तिघेही पहिल्यांदाच अवकाशात. पहिल्याच दिवशी पोग यांना उलटी झाली. ती खाली कळवायची नाही असं तिघांनी आपसात ठरवलं. पण यानातला टेप चालू होता आणि ते बोलणं ह्यूस्टनला, म्हणजे खालच्या कंट्रोलला, ऐकायला मिळालं. खालून जाहीर कानउघाडणी झाली. त्यानंतर खालच्यांनी वेळापत्रक असं आखलं, की आधीची मुरलेली तुकडी शेवटी शेवटी ज्या वेगानं काम करत होती तोच वेग यांना पहिल्या आठवड्यापासून लावला. काम उरकेना, सुटीचा दिवसही कामात जाऊ लागला. अखेर ३० डिसेंबरला दोन्ही बाजू मोकळेपणानं बोलल्या, जेवणाची आणि विश्रांतीची वेळ सोडली गेली, आणि पुढे काम उलट जास्त झालं. याला 'अवकाशातला संप' म्हणायची पद्धत पडली आहे. संप वगैरे झाला नाही, असं त्यात असलेल्या माणसांनीच पुढे सांगितलं. मला त्या नावाशी घेणं नाही. तिघं एका डब्यात कोंडलेले, दमलेले, आणि राग कुठे गेला? खाली.

त्याआधी ऑक्टोबर १९६८ मधलं अमेरिकेचंच अपोलो-७ यान. यानात सर्दी. वजनरहित अवस्थेत नाक वाहत नाही, चोंदून बसतं. कप्तान शिरा यांनी ठरल्या वेळी टीव्ही प्रक्षेपण करायला नकार दिला, उतरताना हेल्मेट घालायलाही नकार दिला. भांडण सगळं ह्यूस्टनशी. तिघांपैकी कोणीही पुन्हा अवकाशात गेलं नाही.

मॉस्कोत २०१०-११ मध्ये सहा पुरुषांना मंगळमोहिमेची तालीम म्हणून ५२० दिवस जमिनीवरच्याच बंद यानात ठेवलं होतं. त्यांनी दर आठवड्याला भरलेल्या प्रश्नावल्यांत कंट्रोलशी झालेले खटके आपसातल्या खटक्यांच्या पाचपट निघाले. मीर या रशियन स्थानकावरच्या आणि आंतरराष्ट्रीय स्थानकावरच्या तुकड्यांचा अभ्यास करणारे मनोविकारतज्ज्ञ निक केनस यांनाही तेच आढळलं: आतला ताण बाहेरच्यावर, म्हणजे खालच्यांवर, ढकलला जातो.

माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टीही सांगतो, नाहीतर समीक्षक म्हणतील की म्हाताऱ्यानं सोयीचं तेवढं वेचलं. मॉस्कोतच अशाच एका आधीच्या तालमीत, २००० सालच्या नववर्षाच्या पार्टीत, दोन रशियन गड्यांची रक्त निघेपर्यंत मारामारी झाली होती. १९८२ मध्ये सल्यूत-७ या सोव्हिएत स्थानकावर २११ दिवस राहिलेल्या दोघांतला ताण त्यांच्यापैकी एकाच्या, लेबेदेव यांच्या रोजनिशीत उतरला आहे. म्हणजे आपसात होतच नाही असं नाही.

आणि परग्रहवासीयांच्या सगळ्यात जवळ जाणारी हकिकत १९७६ ची. सल्यूत-५ वरून वोलिनोव आणि झोलोबोव ठरल्यापेक्षा आधी परत आले. झोलोबोव यांची तब्येत बिघडली होती, आणि यानात उग्र वास येतोय अशी तक्रार होती. पुढची तुकडी फेब्रुवारी १९७७ मध्ये तोंडाला श्वसनयंत्रं लावून आत शिरली. हवा तपासली. हवा स्वच्छ! मुलांना परग्रहावरची शक्ती दाखवायचीच असेल, तर हिरव्या दिव्याऐवजी असा वास दाखवा. एकाला येतो, दुसऱ्याला येत नाही, आणि पहिला म्हणतो तू मुद्दाम नाही म्हणतोस. प्रेक्षक खुर्चीत नाक वर करून हुंगेल.

आता पंखा. एकांकिकेत झोप येत नाही म्हणून एक जण पंखा बंद करतो, आणि सकाळी सगळे डोकं धरून, चिडचिडे होऊन उठतात. यावर प्रेक्षागृह हसलं, समीक्षकही हसले असावेत. पण लिहिणाऱ्या पोरानं किंवा पोरीनं अभ्यास केलाय. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम जाणवत नसला की गरम हवा वर जात नाही. झोपलेल्या माणसानं सोडलेला श्वास त्याच्याच तोंडापुढे साचून राहतो. म्हणून यानात पंखे अखंड चालवावे लागतात आणि आवाज अखंड सोसावा लागतो. आपल्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के असतो. आंतरराष्ट्रीय स्थानकावर तो याच्या दहापटीच्या आसपासही राहिलेला आहे, आणि अंतराळवीरांच्या डोकेदुखीच्या तक्रारी नोंदलेल्या आहेत. पंख्यावरून भांडण म्हणजे तिथे श्वासावरून भांडण.

मग कंट्रोलचं काय? मी घरी येऊन यावर विचार केला. एकांकिकेतलं यान दुसऱ्या ताऱ्यापाशी पोचलेलं आहे. मंगळावरूनच बोलायचं तर एका बाजूनं ३ ते २२ मिनिटं लागतात. सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा ताराही चार प्रकाशवर्षांहून लांब, म्हणजे 'कंट्रोल सो रहा है क्या' विचारलं तर उत्तर यायला आठ वर्षांहून जास्त. आठ वर्षांनी आलेल्या उत्तरावर कोण चिडणार? मारबतच गावात उरली नाही. मग ती आपल्यातच शोधावी लागते, आणि सहा जणांत ती लगेच सापडते. परग्रहावरच्या त्या शक्तीला फारसं काही करावंच लागत नाही. ती यायच्या आधीच अर्धं काम अंतरानं केलेलं असतं.

तेव्हा संहिता चांगलीच आहे, एक गोष्ट फक्त रंगमंचावर दिसत नाही. सुरुवातीला एका कोपऱ्यात माइक ठेवा. सहाही जण येता-जाता त्याच्याशी बोलतात, कुरकुरतात, वेळापत्रकाच्या नावानं बोटं मोडतात. मग त्यातला एक जण सवयीनं माइकपाशी येतो, तोंड उघडतो आणि न बोलता वळून शेजारच्याकडे बघतो. चमच्याचं भांडण तिथून सुरू करा. तो हिरवा दिवा नंतर आणला तरी चालेल.

हे सगळं एका एकांकिकेसाठी कशाला, असं कोणी म्हणेल. राकेश शर्मा १९८४ मध्ये आठवडाभर राहून आले. शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये तीन आठवड्यांच्या आत परतले. गगनयानची योजना तीन माणसांची आणि तीन दिवसांची आहे. एवढ्यात कोणाचं कोणाशी बिनसत नाही. पण २०३५ पर्यंत आपलं स्वतःचं अंतराळ स्थानक उभारायचं ठरलंय. तिथे माणसं महिनोन्‌महिने राहतील आणि खाली बंगळुरूत कोणीतरी हेडफोन लावून बसेल. त्या खालच्या माणसाचं प्रशिक्षणही वरच्याइतकंच कसून व्हावं. शिव्या ऐकून घ्यायच्या, उलट बोलायचं नाही, आणि पुढची वेळ सांगायची. चिडलेल्या ड्रायव्हरला 'शांत व्हा' म्हणून तो कधीही शांत होत नाही. "मुलताईला तुमचा रिलीफ उभा आहे" (म्हणजे बदली माणूस) म्हटलं की होतो, मात्र रिलीफ खरंच उभा असायला हवा.

एकांकिका पुढच्या फेरीत गेली आहे असं आपल्याच बातमीत वाचलं. मुलांना कंट्रोलचा आवाज कसा असतो, तो कुठे थांबतो, कुठे नुसतं 'हां, बोला' म्हणतो, हे ऐकायचं असेल तर मी करून दाखवीन. पत्ता संपादकांकडे आहे. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो.

आपला,
एक निवृत्त सेक्शन कंट्रोलर
अजनी, नागपूर