भुलाबाईच्या रात्रीबद्दल तुला

प्रिय मैत्रिणीस,

सप्रेम नमस्कार.

कोजागिरी झाली आणि लगेच सोयाबीनच्या मळणीचा धबडगा सुरू झाला. आज पाऊस आला, मशीन थांबली, म्हणून लिहायला बसले. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू नुसतं हो गं, हो गं म्हणतेस आणि विषय पोरांच्या शाळेवर नेतेस. पत्र तू शेवटपर्यंत वाचशील.

यंदा भुलाबाई, आपली माहेरी आलेली पार्वती, आमच्या ओसरीत बसली. मधली काही वर्षं आपल्या गावात हे बंदच पडलं होतं. नवरात्रात स्पीकर लागतो, गरबा होतो, पोरी तिकडे पळतात. पण मोठी आई हट्टाला पेटली. "भुलाबाई महिनाभर माहेरी येते अन् तिले बसाले जागा नाही, हे काय गाव झालं?" असं ती दारोदार जाऊन बोलून आली. मग भाद्रपद पौर्णिमेला कुंभाराकडून जोडी आणली. फेटेवाले भुलोजी, शेजारी भुलाबाई, रंग अजून ओला होता. रोज दिवेलागणीला गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन यायच्या, गाणी म्हणायच्या, खाऊ ओळखायच्या आणि घरी जायच्या. गाणी त्यांना येत नव्हती. आम्ही बायकांनी शिकवली आणि शिकवता शिकवता आम्हीच गायला लागलो.

खरी तारांबळ झाली मखराची. ज्वारीचे पाच धांडे, कणसासकट, ताजे हवेत. आपल्या लहानपणी कुणाच्याही धुऱ्यावरून उपटून आणायचो, कुणी विचारायचं नाही. आता चारही दिशेला पाहा, सोयाबीन, तूर आणि पऱ्हाटी. ज्वारी पेरली की पाखरं आणि रानडुकरं काही ठेवत नाहीत, म्हणून लोकांनी सोडूनच दिली. शेवटी पूर्णेच्या काठाला एका म्हाताऱ्या बाबांनी बैलांच्या कडब्यापुरत्या चार ओळी टाकल्याचं कळलं. पोरी सायकलींवर गेल्या. बाबांनी धांडे तर दिलेच, वरून म्हणाले, भुलाबाईले नेता तर भरलेली कणसं न्या. त्यांनी स्वतः निवडून कापून दिले. पोरींनी ते पाटाभोवती उभे करून शेंडे एकत्र बांधले आणि कणसं भुलाबाईच्या डोक्यावर झुकली, तेव्हा मोठी आई पदर डोळ्याला लावून कितीतरी वेळ बसून राहिली.

आता मुद्द्यावर येते. गेल्या साली तुझ्या माहेरच्या महालक्ष्म्यांना मी होते. वर फुलोरा टांगलेला, सोळा भाज्या शिजलेल्या, पुरण झालेलं. हळदीकुंकवाचं ताट फिरत फिरत तुझ्यापर्यंत आलं आणि तुझ्यासमोरून पुढं गेलं. तू काही बोलली नाहीस. उठून चुलीकडं गेलीस आणि आंबील ढवळत बसलीस, ती केव्हाची तयार होती तरी. त्यानंतर तू गावात आली नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही आले नसते, म्हणून यंदा ये म्हणून आग्रह केला नाही. पण मला त्या ताटाचा राग आहे, आजही आहे. 2022 साली कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. सरकारनंही मग सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. ठराव हवेच आहेत. पण कोणाच्या कपाळाकडं पाहून हात पुढं करायचा, ही सवय बायकांच्या बोटात मुरलेली असते. ती निघायला बायकाच एकत्र बसाव्या लागतात.

कोजागिरीला तेच झालं. त्या रात्री खाऊ प्रत्येक घरातून येतो, तुला आठवतच असेल. डबा टॉवेलात गुंडाळून आणायचा, कानाशी हलवायचा आणि ओळखायला लावायचं. खुळखुळलं तर फुटाणे नाहीतर शेंगदाणे, सळसळलं तर मुरमुरे किंवा लाह्या, गप्प बसलं तर शिरा, सांजोरी, कानवले. ओसरी भरली, अंगण भरलं. आणि कोपऱ्यात, न्हाणीच्या भिंतीला टेकून, वाशीमकडची ती बसलेली. तू तिला पाहिलं आहेस, आपल्या शाळेमागच्या घरात दिलेली. तिच्या नवऱ्यानं फवारणीचं औषध पिऊन जीव दिला, त्याला आता तीन वर्षं होतील. सातबारा सासऱ्याच्या नावावर आणि कर्जही त्यांच्याच. प्रकरण अपात्र ठरलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला मिळणाऱ्या सरकारी मदतीचा एक लाख मिळाला नाही. ती रोज कापूस वेचायला जाते, लेक शिकवते. लेक टिपऱ्या खेळायला यायची म्हणून त्या रात्री तीही आली होती, पण बसली दारातून उठून जाता येईल अशा जागी.

मोठी आईनं पाहिलं. "काऊन वं माय, मांगं काऊन बसली? डबा आणला ना? मंग इकळे ये, तुह्या डब्याशिवाय भुलाबाई उठते का?"

ती आली. डबा लहानसा होता. हलवला तर अगदी बारीक, कोरडा आवाज. पोरी सुटल्या: शेंगदाणे? नाही. डाळवं? नाही. खोबऱ्याचे तुकडे? नाही. गोड का तिखट? "गोडही नाही, तिखटही नाही." अर्धा तास गेला असेल. गप्प बसणाऱ्या बायका गुडघ्यावर उठून ओरडायला लागल्या, कोणी तर डब्याला कान लावून डोळे मिटले. आणि ती हसत होती गं, मान हलवून नाही, नाही म्हणत. मी तिला इतक्या वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. शेवटी हरलो म्हटल्यावर तिनं झाकण उघडलं. आत गोडंबी होती. माहेरी उन्हाळ्यात बिबे फोडून काढलेली. बिब्याचं तेल उततं, बोटं काळी पडतात, कातडी सोलते. तिची बोटं अजून डागाळलेली आहेत. बाजारात विकली असती तर पैसे आले असते. तिनं ती भुलाबाईपुढं ठेवली आणि आम्ही एकेक दाणा जिभेवर धरून खाल्ला.

आरती झाली, मोठ्या लेकरांना ओवाळलं. तिच्या लेकीला तिनंच ओवाळलं, सगळ्यांच्या मधोमध उभं राहून. मग आटवलेलं दूध, आलूबोंडे, कानवले, जे असेल ते. पोरी झोपल्या आणि आम्ही बसून राहिलो. गाण्यात सासरी कामाला जुंपलेली बाई असते ना, माहेरी जाऊ द्या म्हणून विनवणारी, तिच्यावरून बोलणं निघालं ते थांबेना. कोणी मजुरीचं सांगितलं, कोणी बचत गटाच्या हप्त्याचं. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये सांगतात आणि दारात आलेला व्यापारी ओलावा दाखवून पाडून मागतो, हे तर घराघरातलं. मोठी आई मग नाशिककडच्या चांदवडचं बोलली. 1986 साली शेतकरी महिला अधिवेशनाला ती गेली होती, कडेवर पोर घेऊन. तिथून आल्यावर घरात पहिल्यांदा विचारलं, शेत कोणाच्या नावावर आहे? दोन एकर तिच्या नावावर झालं, भांडून झालं. वाशीमकडची हे ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती आणि मोठी आई तिच्या सासऱ्यांशी बोलायला गेल्या. नातीच्या नावानं तरी काही करा, असं बोलणं चाललं आहे. होईल की नाही, काय माहीत. पण बोलणं सुरू झालं.

त्या रात्री कुंकवाचं ताट फिरलंच नाही. कोणी मुद्दाम टाळलं असंही नाही. डबे होते, टिपऱ्या होत्या, गाणी होती, ताट कोणाला आठवलं नाही. मी सारखी तुझाच विचार करत होते. तुझा आवाज आम्हा सगळ्यांत चांगला. वरच्या पट्टीतली गाणी तू नसल्यामुळं आम्ही अर्ध्यात सोडली.

म्हणून पुढच्या भाद्रपद पौर्णिमेपासून मी तुला धरून आहे. महिनाभर जमणार नाही, मान्य. पण कोजागिरीला दोन दिवस आधी ये. अमरावतीहून दर्यापूरची एसटी सकाळी धर, तिथून मी माणूस पाठवते. माहेरी उतरायचं नसेल तर उतरू नकोस, सरळ माझ्याकडं ये. लेकीला घेऊन ये. तिच्यासाठी टिपऱ्या सुताराला सांगितल्या आहेत, त्याला तिच्या हाताचं माप हवं आहे, ते कळव. यंदा थोडी ज्वारी विहिरीजवळ रब्बीला पेरते आहे आणि पुढच्या पावसाळ्यात भुलाबाईपुरती खरिपालाही टाकेन. डब्यात काय आणायचं ते मात्र मला अजिबात सांगू नकोस.

तुझीच,
बालमैत्रीण