एकवीस दिवसांच्या आश्वासनाबाबत तक्रार

सदाशिव पेठ, पुणे ४११ ०३०
दि. १९ मे २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
आपल्या कंपनीचे बाणेर कार्यालय, पुणे.

विषय : गुडघ्याच्या सांधेरोपणाच्या पॅकेजमधील परतीच्या प्रवासाबाबत केलेली दिशाभूल, त्यामुळे झालेला खर्च व अपुरी कागदपत्रे.

महोदय,

आपल्या कंपनीमार्फत माझ्या थोरल्या बहिणीच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण दि. ६ फेब्रुवारी रोजी पुण्यातील एका रुग्णालयात झाले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, हे सुरुवातीलाच नमूद करतो, म्हणजे "पण गुडघा तर बरा आहे ना" हे उत्तर मला चौथ्यांदा वाचावे लागणार नाही. माझी तक्रार शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांविषयी नाही, रुग्णालयाविषयी नाही आणि तिथल्या परिचारिकांविषयी तर मुळीच नाही. आपल्या कंपनीने आम्हाला जे "एकवीस दिवस" विकले, त्यांच्याविषयी ती आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे, कारण यापूर्वीच्या माझ्या तिन्ही ई-मेलना आलेली उत्तरे वाचून प्रकरणाची फाइल कोणी उघडली असावी असे वाटत नाही. माझी बहीण ७१ वर्षांची आहे. ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊन ती १९७६ साली इंग्लंडला गेली आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत ३४ वर्षे नोकरी करून लेस्टर येथे निवृत्त झाली. ज्या व्यवस्थेत तिने हयात घालवली, त्याच व्यवस्थेत स्वतःच्या गुडघ्यासाठी तिला रांगेत उभे राहावे लागले. डॉक्टरांनी चिठ्ठी दिल्यापासून अठरा आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, असे इंग्लंडच्या आरोग्यसेवेचे स्वतःचेच मानक आहे. शंभरातील ब्याण्णव रुग्णांच्या बाबतीत ते पाळले जाणे अपेक्षित असते आणि २०१६पासून ते पाळले गेलेले नाही. हाडांच्या शस्त्रक्रियांची रांग तिथे सर्वांत लांब आहे. बहिणीला "साधारण वर्ष, कदाचित जास्त" असे सांगण्यात आले होते. तिथल्या खासगी रुग्णालयाने साडेचौदा हजार पौंडांचा अंदाज दिला. त्या वेळी ती जिना बसून उतरत होती, म्हणजे एकेका पायरीवर टेकत, लहान मूल उतरते तशी, आणि हे तिने आम्हाला फोनवर कधी सांगितले नव्हते. तिच्या मुलीने सांगितले.

याच सुमारास आपल्या कंपनीची जाहिरात आमच्या पाहण्यात आली. "रांग नको, प्रतीक्षा नको, एकविसाव्या दिवशी स्वतःच्या पायांवर घरी" हे तिच्यातील वाक्य मी जसेच्या तसे उतरवत आहे, कारण संपूर्ण तक्रार त्याच्या उत्तरार्धाची आहे. पूर्वार्ध आपण अक्षरशः पाळला. बहीण ३ फेब्रुवारीला पुण्यात पोहोचली, ५ तारखेला दाखल झाली, ६ तारखेला शस्त्रक्रिया झाली आणि १० तारखेला तिला घरी सोडण्यात आले. पॅकेजची ५,४०,००० रुपये ही रक्कम माझ्या खात्यातून अदा झाली असून करारावर रुग्णाचा भारतातील प्रतिनिधी म्हणून माझी सही आहे. विमानाचे तिकीट पॅकेजबाहेर असले तरी ते कंपनीमार्फतच काढले पाहिजे, अशी करारात अट होती. त्यानुसार कंपनीने २३ फेब्रुवारीचे परतीचे तिकीट काढले, म्हणजे पुण्यात आल्यापासून एकविसाव्या आणि शस्त्रक्रियेनंतरच्या सतराव्या दिवसाचे. हे तिकीट न बदलता येणाऱ्या आणि रद्द केल्यास पैसे परत न मिळणाऱ्या प्रकारचे होते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

२० फेब्रुवारीला टाके काढल्यानंतर विमानप्रवासास हरकत नसल्याचे प्रमाणपत्र मागितले असता डॉक्टरांनी ते देण्यास स्पष्ट नकार दिला. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या सांधेरोपणानंतर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका काही आठवडे राहतो. नऊ-दहा तास पाय लोंबते ठेवून एका जागी बसल्याने तो वाढतो आणि अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. म्हणूनच लांब पल्ल्याचा प्रवास तीन महिने टाळावा, असा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो. माझ्या बहिणीच्या बाबतीत तर पूर्वी एकदा डाव्या पोटरीत गुठळी झालेली होती. ही माहिती तिने आपल्या कंपनीच्या अर्जात, तिसऱ्या पानावर, औषधाच्या नावासह भरलेली आहे. परिचारिका असल्यामुळे ती असे रकाने मोकळे सोडत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. मी लेखापरीक्षणाच्या नोकरीतून निवृत्त झालेलो आहे आणि कोणतीही फाइल हाती आली की आधी तारखा पाहायच्या, ही माझी सवय अजून सुटलेली नाही. रुग्णालयातून मिळालेल्या फाइलमध्ये ईसीजीच्या कागदाच्या मागे टाचलेले एक पान मला सापडले. ९ जानेवारीला डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलवरून बहिणीची जी तपासणी केली, तिचे ते टिपण होते. "पूर्वी गुठळी झाल्याचा इतिहास, बारा आठवड्यांच्या आत लांबचा विमानप्रवास नको" असे त्यात स्वच्छ लिहिलेले असून "नको" या शब्दाखाली निळ्या शाईने दोनदा रेघ ओढलेली आहे. टिपण आपल्या कंपनीच्या समन्वयकांना त्याच दिवशी संध्याकाळी ई-मेलने गेल्याची नोंद खाली आहे. तिकीट काढल्याची तारीख १४ जानेवारी आहे. म्हणजेच बारा आठवडे थांबावे लागणार, हे लेखी स्वरूपात हाती आल्यावर पाच दिवसांनी कंपनीने सतराव्या दिवसाचे, रद्द न होणारे तिकीट काढले, आणि ते टिपण आम्हाला दाखवले नाही. डॉक्टरांची समजूत अशी होती की कंपनीने आम्हाला सर्व सांगितले आहे आणि आमची समजूत अशी की डॉक्टरांनी सांगण्यासारखे काही असते तर कंपनीने कळवले असते.

थांबायला आमची हरकत नव्हती, हे कृपया ध्यानात घ्यावे. जानेवारीत खरे सांगितले असते तर परतीचे तिकीट मे महिन्याचे काढता आले असते, तळमजल्यावरचे एखादे घर भाड्याने घेता आले असते आणि व्हिसाचाही विचार आधी झाला असता. बहिणीचे पारपत्र ब्रिटिश असून तिच्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय येऊ देणारे कार्ड, नाही. ती आपल्याच सल्ल्यानुसार ई-मेडिकल व्हिसावर आली, ज्याची मुदत साठ दिवसांची असते. ३ फेब्रुवारीपासून साठ दिवस मोजले तर ३ एप्रिल येतो; शस्त्रक्रियेपासून बारा आठवडे मोजले तर १ मे येतो. हे गणित चौथीतल्या मुलाला येईल. मुदतवाढीसाठी एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, करायचा ऑनलाइन अर्ज, रुग्णालयाचे पत्र, निवासाचा पुरावा ही सर्व धावपळ मी ६६व्या वर्षी एकट्याने केली. आपल्या कार्यालयाने "ही सेवा पॅकेजमध्ये नाही" एवढेच कळवले.

२१ फेब्रुवारीला आपले समन्वयक गेस्ट हाउसवर आले, त्या भेटीविषयी लिहिताना मला शब्द जपून वापरावे लागत आहेत. "मॅडम चालतायत ना, मग विमानात नुसतं बसायला काय हरकत आहे?" असे त्यांनी आधी विचारले. डॉक्टरांचा नकार सांगितल्यावर ते म्हणाले, "दुसऱ्या डॉक्टरांकडून सर्टिफिकेट आणून देतो, काळजी करू नका, आपलं नेहमीचं आहे." हे संभाषण माझी बहीण आणि भाची या दोघींसमोर झाले. बहिणीने त्यांना चहा विचारला होता. हे वाक्य ऐकल्यावर तिने भाचीला कप परत आत न्यायला सांगितले. ते वैयक्तिक उत्साहात बोलले असतील तर कंपनीने तसे लेखी कळवावे. ही खरोखरच "नेहमीची" पद्धत असेल, तर आपल्यामार्फत आलेले किती रुग्ण अशा प्रमाणपत्रांवर विमानात बसले, हा प्रश्न माझ्या तक्रारीपेक्षा मोठा आहे आणि तो मी योग्य ठिकाणी विचारणारच आहे.

गेस्ट हाउसविषयी थोडक्यात लिहितो. माझे घर जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. म्हणूनच "शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांसाठी खास सोय" असलेली ही जागा आम्ही पॅकेजमध्ये घेतली होती. प्रत्यक्षात न्हाणीघराच्या दाराशी चार बोटे उंच उंबरा होता आणि वॉकरचे पुढचे पाय रोज त्याला अडत. कमोडही इतका खाली होता की नवा गुडघा तेवढा वाकेपर्यंत वाट पाहणे अशक्यच होते. उंबऱ्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला मी घरचे दोन पाट उलटे घालून पायरी केली, आणि कमोडवर बसवायची उंच बैठक लक्ष्मी रोडवरून विकत आणली. या बैठकीचे पैसे मी मागत नाही, ती आता आमच्याच उपयोगाला येईल. मात्र २३ फेब्रुवारीपासून ४ मार्चपर्यंतच्या नऊ रात्रींसाठी आपण दररोज ४,५०० रुपयांप्रमाणे ४०,५०० रुपये आकारले, ते मागतो. तो मुक्काम आमच्या हौसेचा नव्हता. त्यानंतर मामेबहिणीने सिंहगड रस्त्यावरचा आपला तळमजल्यावरचा फ्लॅट उघडून दिला, म्हणून निभावले.

दुसरा मुद्दा बिलाचा व कागदपत्रांचा आहे. आपल्या बिलात "इम्प्लांट व इतर साहित्य" अशी १,८६,००० रुपयांची एकच ओळ आहे. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, कमाल किमती ठरवून दिल्या; त्या वेळी कोबाल्ट-क्रोमियमच्या सर्वसाधारण गुडघ्यासाठी जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ही मर्यादा होती. हे आकडे वेळोवेळी बदलतात, म्हणून मी आत्ताच जादा आकारणीचा आरोप करत नाही. पण इम्प्लांटची किंमत भागवार, उत्पादकाचे नाव आणि बॅच क्रमांक यांसह बिलात स्वतंत्र दाखवावी, हे त्याच आदेशात सांगितलेले आहे. मी मागणी केल्यावर "पॅकेजमध्ये ब्रेकअप नसतो" असे उत्तर आले. रुग्णालयाच्या नोंदणी विभागात गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी अर्ध्या तासात इम्प्लांटच्या स्टिकरांची प्रत काढून दिली. ती त्यांनी आपल्याकडे १० फेब्रुवारीलाच पाठवली होती.

स्टिकर ही क्षुल्लक बाब नव्हे. गुडघ्यात कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा, कोणत्या बॅचचा भाग बसवला आहे, हे पुढे दहा-पंधरा वर्षांनी तो बदलावा लागला तर डॉक्टरांना माहीत असावे लागते, आणि एखादे उत्पादन सदोष निघाले तर रुग्णाला शोधण्याचा तोच मार्ग असतो. २०१० साली खुब्याचे एक इम्प्लांट जगभरातून परत मागवले गेले तेव्हा भारतात ते बसवलेल्या हजारो रुग्णांपैकी बहुसंख्यांचा मागच लागला नाही. इंग्लंडमध्ये २००३पासून बसवलेल्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते, पण पुण्यात बसवलेल्या गुडघ्याची नोंद तिथे आपोआप होत नाही. म्हणून बहिणीच्या हाती पूर्ण कागद असणे अधिकच आवश्यक होते. परदेशात रुग्णालयात राहून आलेल्या रुग्णाला तिथे पुढे कधी दाखल व्हावे लागले, तर प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंसाठी आधी तपासले जाते आणि त्या वेळी पहिला प्रश्न येतो, "तिकडची कागदपत्रे कुठे आहेत?" आपण दिलेला सारांश एका पानाचा असून त्यात कंपनीचे बोधचिन्ह ठळक आहे आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाची मात्रा नाही.

बहीण ८ मे रोजी मुंबईहून सुखरूप परतली. जाताना हातात काठी होती आणि ती बहुतेक वेळ काखेतच होती. तिच्या परतीच्या नव्या तिकिटाला ५७,४०० रुपये पडले.

तेव्हा नव्या तिकिटाचे ५७,४०० रुपये, गेस्ट हाउसचे ४०,५०० रुपये आणि व्हिसाच्या मुदतवाढीचा पावतीप्रमाणे झालेला खर्च कंपनीने परत करावा. इम्प्लांटचे भागवार बिल व उपचारांचा संपूर्ण सारांश बहिणीच्या लेस्टरच्या पत्त्यावर पाठवावा. ९ जानेवारीचे टिपण आमच्यापासून का दडवले गेले, याचा लेखी खुलासा करावा. आणि "एकविसाव्या दिवशी घरी" हे वाक्य जाहिरातीतून काढावे किंवा ते कोणत्या रुग्णांना लागू नाही हे तितक्याच मोठ्या अक्षरांत छापावे. शेवटची मागणी पैशांची नाही, पण तीवर मी तडजोड करणार नाही. अशा जाहिराती वाचणारी माणसे दुखण्याने टेकीला आलेली असतात आणि तारीख दिसली की बाकीचे वाचत नाहीत. आम्हीही वाचले नाही.

हे पत्र पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी व दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करण्यात येईल. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येत असल्याने, करारातील "वाद मुंबईच्या न्यायकक्षेत" या कलमाचा आपण आधार घेऊ नये. करार, पैसे भरल्याच्या पावत्या, दोन्ही तिकिटे, ९ जानेवारीच्या टिपणाची व स्टिकरांची छायाप्रत सोबत जोडली आहे. मूळ कागद माझ्याजवळ आहेत. उत्तर कृपया टपालाने, सहीशिक्क्यासह पाठवावे; समन्वयकांना घरी पाठवू नये.

आपला,
करारावर सही करणारा ग्राहक व रुग्णाचा भाऊ