वीजबिलाची रक्कम नको, पूर्ण बिल दाखवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो. नातीच्या कॉलेजसाठी गेल्या दिवाळीनंतर आम्ही नवरा-बायको तिच्यासोबत पुण्यात, हडपसरला भाड्याने राहायला आलो. इमारत तीन मजली, मालकाची खासगी. स्वयंपाकघर नवे कोरे असल्यामुळे सिलिंडर आणायचा नाही, ही अट. म्हणजे इंडक्शन, गिझर, वॉशिंग मशीन, चहासुद्धा किटलीत. घरात काडेपेटी फक्त देवापुढे. बार्शीला गॅस होता, तिथे आमचे बिल कधी दीड हजाराच्या वर गेले नव्हते.

डिसेंबरचे बिल आले 5,310 रुपये. आले म्हणजे काय, मालकांनी व्हॉट्सॲपवर फक्त रकमेचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, ‘आजच भरा’. मुलाने फोनवरून निकाल दिला की आई इंडक्शनवर तासन्‌तास भाकऱ्या करते. आमची ही आधीच त्या शेगडीवर भाकरी फुगत नाही म्हणून वैतागलेली, त्यात हा आरोप. दोन दिवस घरात खिचडी.

तिकिटे आणि रोकड जुळल्याशिवाय मी तीस वर्षांत कधी डेपोतून घरी गेलो नाही. वही काढली आणि रोज सकाळी सातला जिन्याखालचे मीटर वाचायला लागलो. रोजचे साडेतेरा युनिट पडत होते. तीन माणसांच्या घरात, थंडीत, पंखेसुद्धा बंद असताना!

मग एका संध्याकाळी साडेसातला घरातली सगळी बटणे, मेन स्विचसकट, बंद केली आणि खाली जाऊन मीटरपुढे उभा राहिलो. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी लिहिलेले असते की इतक्या लुकलुकींचे एक युनिट. आमच्यावर 3200 आहे. घर अंधारात, तरी दिवा लुकलुकतोय. दहा मिनिटांत 80 मोजल्या. तासाच्या झाल्या 480, म्हणजे अंदाजे दीडशे वॉट कुणीतरी आमच्या मीटरवरून नेत होते. वायर धरून चालत गेलो तर ती तळमजल्यावरच्या मालकांच्या दुकानाच्या पाटीला आणि पार्किंगच्या दिव्यांना जाऊन मिळाली. संध्याकाळी सातला लागायचे, पहाटे पाचला बंद. रोजचे दीड युनिट, महिन्याचे 45. मालकांना दाखवले तर म्हणाले, “आधीचे भाडेकरू कधी काही बोलले नाहीत.” कसे बोलतील? त्यांनाही रकमेचाच फोटो मिळत असणार.

दुसरा चोर आमच्याच घरात होता. मध्यरात्री उठलो तर गिझरचा दिवा लागलेला, आंघोळीला कुणी नाही. स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ थेंबथेंब गळत होता. तिकडे गरम पाणी जाते, गिझरमध्ये गार भरते, गिझर पुन्हा तापवायला लागतो, रात्रंदिवस. नळाचा वायसर बदलला आणि गिझर आंघोळीपुरताच लावायचा नियम केला. इंडक्शन मात्र निर्दोष सुटले. वहीप्रमाणे दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला ते दोन युनिट घेते. तसे मुलाला फोन करून कळवलेही.

जानेवारीत 412 वरून आम्ही 271 युनिटांवर आलो आणि बिल 3,050 झाले. युनिट तिसऱ्या हिश्श्याने उतरले, पैसे त्याहून जास्त. कारण वीज एका भावाने मिळत नाही. पहिल्या 100 युनिटांचा एक दर, त्यापुढे 300 पर्यंत जवळपास दुप्पट, 300 च्या वर जवळजवळ अडीचपट, आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे दुकानाच्या पाटीचे 45 युनिट मालकांच्या बिलात किती पडले असते कोण जाणे, आमच्या बिलात ते सगळ्यात महाग टप्प्यात बसले. ज्या घरात गॅसच नाही तिथे पहिले शंभर युनिट स्वयंपाकात आणि आंघोळीतच संपतात, बाकी सगळे वरच्या दराने.

मालक वाईट नाहीत. वायर त्यांनी आठवड्यात काढली आणि एका महिन्याच्या भाड्यात 500 रुपये कमी केले. मागचा हिशेब मात्र ‘झाले गेले’ म्हणून सोडून दिला. मीही सोडला. अनामत त्यांच्याकडे आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. आमचा भाडेकरार रीतसर नोंदणी झालेला आहे. त्यात भाडे, अनामत, मुदत सगळे आहे, पंख्यांची आणि नळांची मोजदादसुद्धा आहे. विजेबद्दल एकच वाक्य: बिल भाडेकरूने भरायचे. कुठल्या ग्राहक क्रमांकाचे, राहायला आलो त्या दिवशी रीडिंग किती होते, या मीटरवर आणखी काय जोडले आहे, एक अक्षर नाही. बिलावर मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो. तो कागद करार करतानाच हातात पडला असता, तर हे घर महिन्याला किती खाते ते घेण्याआधीच कळले असते आणि कदाचित आम्ही सिलिंडरवाले घर शोधले असते.

नोंदणी खात्याने करारात ग्राहक क्रमांक आणि पहिल्या दिवसाचे रीडिंग यांसाठी दोन ओळी सक्तीच्या कराव्यात आणि शेवटचे बिल जोडायला लावावे. खर्च शून्य. तोवर नवीन भाडेकरूंनी किल्ली घेतानाच मीटरचा फोटो काढून ठेवावा, आणि मेन बंद करून दहा मिनिटे खाली उभे राहावे. रात्री राहावे, पाट्या रात्रीच लागतात.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
हडपसर, पुणे