वस्तानच्या पक्ष्यांसाठी : केंद्रीय खाणमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय खाणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

सुरत जिल्ह्याच्या मांगरोळ तालुक्यात वस्तान हे गाव आहे आणि तिथे लिग्नाइटची, म्हणजे तपकिरी कोळशाची, उघडी खाण आहे. लिग्नाइटचा कारभार कोळसा मंत्रालयाकडे असतो, हे मला ठाऊक आहे. पण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आपल्याकडे आहे आणि भूवारसा (जीवाश्मस्थळे, महत्त्वाचे खडक इत्यादी) जतनाच्या विधेयकाचा मसुदा २०२२ मध्ये आपल्याच मंत्रालयाने काढला, म्हणून हे पत्र आपल्याला.

वस्तानच्या लिग्नाइटला लागून असलेल्या शेलच्या (चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाच्या) थरांत सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या पक्ष्यांची हाडे मिळाली. २००७ मध्ये जीवाश्म-अभ्यासक गेराल्ड मायर, राजेंद्र राणा, अशोक साहनी आणि थिएरी स्मिथ यांनी त्यांवरून ‘वस्तानाव्हिस’ या नव्या पक्ष्याचे वर्णन केले. भारतीय भूपट्टावर तोवर इतके जुने पक्षी माहीतच नव्हते. २०१० मध्ये वस्तानाव्हिसचीच दुसरी जात उजेडात आली.

या पक्ष्याचे नातेवाईक कुठले, हा खरा कुतूहलाचा भाग. मादागास्करपासून सुटून भारत कोट्यवधी वर्षे समुद्रात एकटा उत्तरेकडे सरकत होता. तेव्हा इथले प्राणी आफ्रिका-मादागास्करकडच्यांशी मिळतेजुळते असतील, असे कुणालाही वाटेल. वस्तानाव्हिसची हाडे मात्र फ्रान्समधल्या ‘क्वेर्सिप्सिटा’ या पक्ष्याशी जुळतात. दोघेही पोपटांच्या मूळ कुळाजवळचे मानले जातात. आजचे पोपट मुख्यतः दक्षिणेकडच्या भूभागांवर पसरलेले आहेत, त्यांचे हे जुने सोयरे मात्र युरोपात आणि गुजरातेत! त्याच खाणीतली वटवाघळे, आदिम वानरवर्गी प्राणी, इतकेच नव्हे तर राळेत अडकून राहिलेले कीटकही उत्तरेकडच्या भूभागांशी नाते सांगतात. भारत आशियाला भिडत होता त्या सुमारास जिवांची ये-जा सुरू झालेली होती, असे त्यावरून दिसते. उडणाऱ्या पक्ष्याला समुद्र ओलांडता येतो, हे खरे. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांची तीच साक्ष सोबत असल्यामुळे पक्ष्यांच्या साक्षीला वजन येते.

आणि ही सगळी साक्ष मिळाली ती खाणीमुळेच. खोदकाम झाले नसते तर हे थर उघडे पडलेच नसते, म्हणून मी खाणकामाच्या विरोधात लिहीत नाही. पण पक्ष्यांची हाडे पोकळ, नाजूक, बहुधा सुटीसुटी मिळणारी. लिग्नाइटवरची माती-दगड उचलून ढिगाऱ्यावर टाकले की ती कायमची गेली. मुंबईत वरळीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात छोट्या बेडकांचे सुंदर जीवाश्म मिळाले होते. तिथे आज शहर उभे आहे.

जीवाश्मांचे थर असलेल्या खाणींत वरची माती-दगड उचलण्याआधी आणि उचलताना जीवाश्म-अभ्यासकांना प्रवेश मिळणे खाणमालकाच्या मर्जीवर नको, परवान्याच्या अटीत हवे. कोळसा मंत्रालयाशी बोलून ते लिग्नाइटलाही लागू करावे. २०२२ च्या मसुद्यात जवळपास सगळे अधिकार भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे एकवटले होते. त्यावर संशोधकांनी घेतलेले आक्षेप रास्त आहेत. विद्यापीठांतल्या अभ्यासकांना परवानगीसाठी ताटकळत ठेवणारा कायदा जीवाश्म वाचवणार नाही. निर्णय घेणाऱ्या समितीत त्यांना जागा द्या. वर्णनाला आधार असलेले मूळ नमुने कुठे ठेवले आहेत, याची सार्वजनिक नोंदवहीही ठेवा. सुरतेच्या किंवा नाशिकच्या विद्यार्थ्याला वस्तानाव्हिसचे हाड पाहायचे झाले, तर कुणाकडे अर्ज करायचा हे त्याला त्या नोंदवहीतून कळले पाहिजे.

कळावे,
आपला नम्र,
जीवाश्मांचा एक अभ्यासक