थकवा सगळ्यांनाच येतो, असं आम्हाला सांगू नका

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
मध्य प्रदेश शासन

सविनय नमस्कार.

मी इंदूरच्या रामबागेत राहते. स्तनाच्या कॅन्सरसाठी माझ्या चार किमो झाल्या. परवा मंगळवारी पाचवीसाठी एका सरकारी रुग्णालयात गेले, तर लिफ्ट बंद. दिवाळीत तिथल्या साहेबांनी आम्हा रुग्णांना शब्द दिला होता, पंधरा दिवसांत लिफ्ट सुरू होईल, काउंटरपाशी खुर्च्या येतील. चव्वेचाळीस पायऱ्या आहेत. निम्म्यावर मी खालीच बसले. गार्ड म्हणाला, "थकान तो सबको होती है, दीदी." वर पोचले तर रक्त कमी म्हणून किमो पुढे ढकलली. त्याच पायऱ्या उतरले.

नाही होत हो सगळ्यांना असं! माझी थोरली बहीण साठीची आहे. राजवाड्यापर्यंत पायी जाऊन येते, अर्धा तास आडवी झाली की पुन्हा भाकऱ्या थापायला उभी. मी दहा तास झोपून उठते ती आदल्या रात्रीपेक्षा जास्त गळालेली. रविवारी पोह्यांसाठी कोथिंबीर चिरायला बसले, अर्ध्या जुडीत हात थांबले. विळीपुढे तशीच बसून राहिले, पोहे निवून गेले. निरोगी माणूस कामाने दमतो, विश्रांतीने सावरतो. आमचा थकवा कामाच्या हिशेबात बसत नाही आणि झोपेने उतरत नाही. औषधं, रक्त कमी होणं, अंगातला दाह, मोडलेली झोप, सगळं मिळून तो येतो. माझं हिमोग्लोबिन ८.२ आहे, निरोगी बाईचं १२ च्या वर असतं. कित्येकांना तर उपचार संपल्यावरही तो वर्षानुवर्षं सोडत नाही.

डॉक्टर उलट्या विचारतात, ताप विचारतात. थकवा शून्य ते दहापैकी किती, हे विचारायला पैसे पडत नाहीत. विचारलं तर रक्त, थायरॉइड तपासता येईल, झेपेल तेवढं चालायला शिकवता येईल. त्याने खरंच फरक पडतो. पण डोळ्यांना दिसत नाही ते दुखणं या व्यवस्थेच्या लेखी दुखणंच नाही. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मोजले, त्यात हा थकवा नाही. मी नोकरीच्या ठिकाणी अर्धा दिवस मागितला, तर उत्तर मिळालं, "तुम्ही तर ठणठणीत दिसता." हेच इंदूर २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत पहिलं आलं. रात्रभर रस्ते झाडणारी माणसं आणि गाड्या तुम्हाला उभ्या करता आल्या, मग दहा खुर्च्या का नाही?

मला पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलावलं आहे. तोवर लिफ्ट सुरू होणार की नाही, एवढं लेखी कळवा.

आपली,
एक रुग्ण, रामबाग, इंदूर