इन्शुरन्स आहे, पण मालकाचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हायवेला किंवा खंबाटकी घाटात अपघात झाला की आपल्या पेपरात बातमी येते, गाडी कुठली, माणूस कुठल्या गावचा सगळं येतं, पण त्या घराला विम्याचं काय मिळालं ते कधी वाचायला मिळत नाही. साताऱ्यात कुणालाही विचारा इन्शुरन्स आहे का, तर आहे की म्हणतो आणि मोबाईल काढून दाखवतो. पण तो नुसता थर्ड पार्टी असला तर तो समोरच्यासाठी असतो हो! १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात तोच सक्तीचा आहे, नसला तर पहिल्या वेळी २००० दंड, तुमच्या गाडीनं कुणी जखमी झालं किंवा गेलं तर त्याची भरपाई त्यातून मिळते. स्टेअरिंगवर बसलेल्या मालकाला त्यातून एक रुपया नाही.

मालकासाठी ओनर-ड्रायव्हर पीए (पर्सनल ॲक्सिडेंट, म्हणजे गाडी चालवणाऱ्या मालकाचा स्वतःचा अपघात विमा) म्हणून वेगळा कव्हर असतो. पूर्वी कारला २ लाख आणि टू-व्हीलरला १ लाखच होता, २०१८ ला तो १५ लाख केला. मृत्यू झाला किंवा दोन्ही पाय, दोन्ही डोळे गेले तर पूर्ण रक्कम, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मी. पाय मोडला, रॉड टाकला, महिनाभर घरी बसला तर यातून काही नाही, त्याला मेडिक्लेमच पाहिजे.

आता खरी गंमत. पॉलिसी स्वस्तात बसवायची म्हणून काही एजंट हा पीए काढूनच टाकतात. नियमानं तो तसाच काढता येत नाही, तुमची दुसरीकडं १५ लाखाची अपघात पॉलिसी आहे किंवा दुसऱ्या गाडीवर पीए घेतलाय असं लिहून द्यावं लागतं, आणि फॉर्मवर त्या कबुलीपुढची टिक गिऱ्हाईकाला न विचारताच मारलेली असते. कागदावर प्रीमियमच्या तक्त्यात ओनर-ड्रायव्हरपुढं शून्य दिसलं तर समजून जावा. दोन गाड्या एकाच्याच नावावर असतील तर मात्र एकदाच घेतला तरी चालतो, दोनदा पैसे भरू नका.

अजून एक, आपल्याकडं गाडी आईच्या नावावर, आईकडं लायसन नाही आणि चालवतो पोरगा, हे घरोघरी आहे. हा कव्हर आरसीवर नाव असलेल्या आणि लायसन असलेल्या मालकालाच, त्यामुळं आईलाही नाही आणि पोरालाही नाही. पोरानं स्वतःच्या नावानं वेगळी अपघात पॉलिसी काढलेली बरी. शेजारी-मागं बसणाऱ्यांचंही तसंच, नुसत्या थर्ड पार्टीत घरच्या कारमधले पाहुणे धरत नाहीत, त्यांचा कव्हर जादा पैसे भरून घ्यावा लागतो.

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानात हेल्मेट रॅली निघते, फोटो छापून येतात, ठीक आहे. त्यातच आरटीओनं पोवई नाक्यावर एक टेबल टाकून लोकांच्या पॉलिसी मराठीत वाचून दाखवाव्यात, आणि आपण त्याची बातमी आधी छापावी म्हणजे लोक कागद घेऊन येतील.

आपला,
एक वाचक, सातारा